टॅबलेट, बाहेरचा कीबोर्ड आणि मराठी लेखन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

टॅबलेटवर लेखन करण्यासंबंधीची पत्रे अलीकडे वरचेवर येत आहेत. त्यांतील एकमेकांशी संबंधित असलेली पत्रे निवडून त्यांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलाने मला ११ इंची अँड्रॉइड टॅबलेट आणि ब्लूटूथ कीबोर्ड घेऊन दिला आहे. शाळेतल्या आठवणी लिहून त्यांचे पुस्तक करावे असा विचार आहे. अडीचशे-तीनशे पाने सहज होतील. मायक्रोसॉफ्ट वर्ड, गूगल डॉक्स, डब्ल्यूपीएस, कोलॅबोरा अशी बरीच नावे लोक सुचवतात. मोबाइलवर मी मराठी सहज लिहिते, पण टॅबलेटला कीबोर्ड जोडला की पडद्यावर इंग्रजीच उमटते. नेमके कोणते ॲप घ्यावे? (एक वाचक, वाई)

उत्तर : ॲपचा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे आणि तो शेवटीच सोडवायचा आहे. त्याआधीचे, कीबोर्ड जोडल्यावर इंग्रजी उमटते हे वाक्य अधिक महत्त्वाचे आहे, कारण ती अडचण कोणतेही ॲप बदलून दूर होणार नाही. बाहेरचा कीबोर्ड टॅबलेटकडे अक्षर पाठवतच नाही. कोणते बटण दाबले गेले, एवढीच सूचना तो पाठवतो. त्या बटणाचे अक्षर कोणते करायचे, हे टॅबलेटची यंत्रणा ठरवते. मोबाइलवर आपण ज्या कीबोर्डने मराठी लिहिता, तो पडद्यावरचा कीबोर्ड म्हणजे स्वतंत्र ॲप आहे, आणि बाहेरचा कीबोर्ड जोडला की ते ॲप बहुधा बाजूला सरते. म्हणूनच बटणांवर देवनागरी अक्षरे छापलेला कीबोर्ड विकत आणला, तरी तेवढ्याने काही साधत नाही.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘फिजिकल कीबोर्ड’ असा विभाग असतो. कीबोर्ड जोडलेला असतानाच तो उघडावा आणि मांडणीच्या, म्हणजे कोणत्या बटणाला कोणते अक्षर या योजनेच्या, यादीत मराठी किंवा निदान हिंदी आहे का ते पाहावे. यादीत रशियन, ग्रीक, अरबी सापडतात आणि देवनागरी सापडत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. तसे झाल्यास ‘कीमॅन’ हे विनामूल्य ॲप बसवून पाहावे. त्यात देवनागरीच्या मांडण्या उतरवून घेता येतात आणि बाहेरच्या कीबोर्डच्या बटणांनाही त्या लागू करण्याची सोय आहे. तिसरा मार्ग त्याच ‘फिजिकल कीबोर्ड’ विभागात मिळतो. कीबोर्ड जोडलेला असतानाही पडद्यावरचा कीबोर्ड दिसत राहावा, असे तेथे ठरवता येते. मग अक्षरे बोटाने पडद्यावर लिहायची आणि बाहेरचा कीबोर्ड फक्त कर्सर हलवण्यासाठी व खोडण्यासाठी वापरायचा. हे चालते, पण आडव्या टॅबलेटचा जवळजवळ अर्धा पडदा त्यात जातो आणि कीबोर्ड घेतल्याचा उद्देशच उरत नाही.

मांडणी निवडताना आपण कशावर शिकलात हे पाहावे. टाइपरायटरवर बोटे बसलेल्यांना रेमिंग्टन मांडणी सुचते. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी लिहिणाऱ्यांना ध्वन्यात्मक मांडणी जवळची वाटते. नव्याने शिकायचे असेल, तर मात्र इन्स्क्रिप्ट शिकावी असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये मान्य केलेल्या मानकात ही मांडणी आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स सर्वत्र ती मिळते, त्यामुळे उद्या यंत्र बदलले तरी बोटांना पुन्हा शिकावे लागत नाही. तिच्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. ‘दुसऱ्या’ हा शब्द लिहायचा तर इंग्रजी कीबोर्डवरची ओ, जी, एम ही बटणे दाबून ‘दुस’ होते; मग शिफ्ट धरून जे दाबले की ‘ऱ’, डी दाबले की पायमोड, तिरप्या रेघेचे बटण दाबले की ‘य’ आणि ई दाबले की काना. सुरुवातीला हे किचकट वाटते; थोड्या सरावानंतर बोटे आपोआप चालतात आणि ध्वन्यात्मक पद्धतीतली, सुचवलेल्या शब्दांतून योग्य तो निवडत बसण्याची कटकट कायमची जाते.

मांडणी बसली की कोणत्याही ॲपमध्ये एक लहानशी परीक्षा घ्यावी. ‘दुसऱ्याच्या’, ‘ऱ्हास’, ‘लक्ष्यार्थ’, ‘ॲड्रेस’, ‘ऑगस्ट’ असे शब्द लिहावेत, मग त्यांच्या शेवटी कर्सर नेऊन मागे खोडण्याचे बटण एकेकदा दाबत जावे. चांगल्या ॲपमध्ये एका दाबाला शेवटची मात्रा किंवा शेवटचे चिन्ह तेवढे जाते. काही ठिकाणी एका दाबात संपूर्ण जोडाक्षर नाहीसे होते आणि काही ठिकाणी कर्सर अक्षराच्या पोटात अडकल्यासारखा दिसतो. ‘ॲ’ची आणखी एक गंमत आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत, त्याला २००८ पासून स्वतंत्र स्थान आहे, पण बरेच कीबोर्ड अजूनही ‘अ’वर अर्धचंद्र देऊन ते तयार करतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसते. शोधण्याच्या आज्ञेला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. तीनशे पानांत ‘ॲडमिशन’ शोधायला गेलात आणि निम्मेच सापडले, तर कारण हे असते. लेखन एकाच कीबोर्डवर करणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

आता मजकूर शेवटी कोणाच्या हाती जाणार आहे ते पाहू. प्रकाशकाकडे अक्षरजुळणी करणारी व्यक्ती आपला मजकूर बहुधा इनडिझाइन या पुस्तकाची पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नेईल. काही ठिकाणी अजूनही पेजमेकर हे त्याच कामाचे जुने सॉफ्टवेअर वापरले जाते. त्याची शेवटची आवृत्ती २००१ मधली असून त्याला युनिकोड कळत नाही, त्यामुळे मजकूर आधी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये रूपांतरित करावा लागतो. या रूपांतरात ‘ऱ्य’, ‘ॲ’ आणि रफार हमखास दगा देतात. त्यामुळे प्रकाशकाला डॉकएक्स (वर्डच्या स्वरूपातली) फाइल पाठवताना सोबत तिची पीडीएफ प्रतही पाठवावी. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार जसेच्या तसे राहतात आणि मूळ शब्द काय होता हे मुद्रितशोधकाला पडताळता येते. आपल्याला ॲपकडून हवे आहे ते एवढेच : युनिकोड मराठी नीट लिहू देणे, डॉकएक्स आणि पीडीएफ तयार करणे आणि लिहिलेले हरवू न देणे. रंगीत तक्ते, सजावटीचे साचे यांच्या जोरावर ज्या ॲपची शिफारस होते, त्यांचा या कामाशी संबंध नाही.

आपला टॅबलेट ११ इंची असल्यामुळे वर्डमध्ये संपादन करण्यासाठी वर्गणी भरावी लागेल. कारण पुढच्या उत्तरात आले आहे. डब्ल्यूपीएसच्या विनामूल्य आवृत्तीत जाहिराती येतात, आणि ज्या पडद्याकडे रोज दोन-तीन तास पाहायचे, त्यावर जाहिराती नसाव्यात. घरी इंटरनेट बरे चालत असेल, तर आपल्यासाठी गूगल डॉक्स घ्यावे. ते विनामूल्य आहे, लिहिता लिहिता जतन होते, आणि चुकून एखादे प्रकरण पुसले गेले तर संगणकावरच्या ब्राउझरमधून त्याची जुनी आवृत्ती परत मिळते. विनामूल्य खात्याची १५ जीबी जागा मेल आणि छायाचित्रे यांच्यासह मिळून असते. नुसत्या मजकुराला ती उदंड आहे, पण फोनमधली सगळी छायाचित्रेही तेथेच जात असतील तर ती भरते आणि मग अडचण येते.

संपूर्ण पुस्तक एका फाइलमध्ये लिहू नये. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करून नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे द्यावेत, म्हणजे यादी क्रमाने लागते आणि लांबलचक फाइल उघडताना टॅबलेट रेंगाळत नाही. छायाचित्रे मजकुरात चिकटवू नयेत. ‘येथे स्नेहसंमेलनाचे छायाचित्र’ अशी नोंद करून मूळ छायाचित्रे वेगळी द्यावीत, कारण मजकुरात घातलेल्या छायाचित्राचा दर्जा छपाईसाठी अनेकदा पुरत नाही. पानांच्या संख्येवरही विसंबू नये. संगणकावर ‘मंगल’ फॉन्टमध्ये केलेली फाइल अँड्रॉइडवर उघडली की तेथे तो फॉन्ट नसल्यामुळे ‘नोटो’सारखा दुसरा फॉन्ट वापरला जातो आणि पानांची संख्या बदलते. प्रकाशकाशी बोलताना शब्दसंख्या सांगावी.

कीबोर्डबद्दल थोडेसे. ब्लूटूथ जोडणी मधेच तुटत असेल किंवा अक्षरे उशिरा उमटत असतील, तर घरातला संगणकाचा साधा तारेचा कीबोर्ड ओटीजी जोडणीने (टॅबलेटच्या चार्जिंगच्या खाचेत बसणाऱ्या यूएसबी जोडणीने) टॅबलेटला लावून पाहावा. बहुतेक टॅबलेट तो लगेच ओळखतात आणि दोष कीबोर्डचा आहे की टॅबलेटचा हे कळते. कंट्रोल धरून बाणाचे बटण दाबल्यास कर्सर एकेका शब्दाने सरकतो, सोबत शिफ्ट धरल्यास शब्द निवडला जातो, आणि नुसते कंट्रोल धरून झेड दाबल्यास केलेली चूक मागे घेता येते. हे तीन प्रकार बोटांत बसले की पडद्याला हात लावण्याची वेळ क्वचितच येते.

प्रश्न : माझ्या फोनवर वर्ड फुकट चालते. त्याच खात्याने नवीन टॅबलेटवर तेच ॲप उघडले, तर फाइल फक्त वाचता येते आणि बदल करायला गेले की पैसे मागते. हा बिघाड आहे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : बिघाड नाही, मायक्रोसॉफ्टचा नियमच तसा आहे. पडदा १०.१ इंच किंवा त्याहून लहान असेल, तर वर्डच्या मोबाइल ॲपमध्ये मूलभूत संपादन विनामूल्य आहे. त्याहून मोठ्या पडद्यावर मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी लागते. ॲपलने २०१९ मध्ये आणलेला साधा आयपॅड १०.२ इंचांचा होता, म्हणजे इंचाच्या एक दशांशाने तो या सवलतीबाहेर गेला! दुकानात टॅबलेट पाहताना हा आकडा कोणी सांगत नाही, म्हणून ज्यांना वर्डच हवे आहे त्यांनी खरेदीआधीच तो पाहावा. घरात कोणाची कुटुंबासाठीची वर्गणी असेल, तर त्यात आपले खाते जोडून घेता येते. ब्राउझरमधून उघडणारी वर्डची वेब आवृत्ती विनामूल्य खात्यावर चालते, पण तिला इंटरनेट सतत लागते आणि टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये ती अवघडल्यासारखी वागते. फक्त पत्रे आणि अर्ज लिहायचे असतील, तर एवढा खटाटोप करण्याऐवजी दुसरे ॲप घेणे बरे.

प्रश्न : मी मराठी विषयात पीएच.डी. करत आहे. आयपॅड आणि त्याला जोडलेला कीबोर्ड यांवरच प्रबंध पूर्ण करावा, लॅपटॉप घेऊ नये, असे वाटते. तळटीपा भरपूर आहेत, आणि मार्गदर्शक फाइलमध्येच दुरुस्त्या करून पाठवतात. पेजेस वापरावे की वर्ड? (एक संशोधक, कोल्हापूर)

उत्तर : मार्गदर्शक वर्डमध्ये दुरुस्त्या करत असतील, तर आपणही वर्डच घ्यावे, वर्गणी भरावी लागली तरीही. पेजेस हे ॲपलचे विनामूल्य ॲप देखणे आहे, त्यात तळटीपा देता येतात, अनुक्रमणिकाही घालता येते, आणि एकट्याने लिहायचे असते तर मी तेच सुचवले असते. पण डॉकएक्स फाइल पेजेसमध्ये आणायची, बदलायची, पुन्हा डॉकएक्स करून पाठवायची आणि मार्गदर्शकांकडून आलेली परत आत घ्यायची, या ये-जा करण्यात मांडणी आणि टीपा कुठे ना कुठे बिघडतात. चार वर्षे चालणाऱ्या कामात तो धोका पत्करू नये. आयपॅडवरच्या वर्डमध्ये तळटीप घालता येते, बदलांचा मागोवा ठेवता येतो आणि समासातल्या शेऱ्यांना उत्तरेही देता येतात.

आयपॅडवर मराठी लिहिण्याचा प्रश्न अँड्रॉइडपेक्षा सोपा आहे. सेटिंग्जमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबून मराठी आणि इंग्रजी यांत अदलाबदल करता येते. संदर्भसूचीत इंग्रजी ग्रंथांची नावे येतात, तेव्हा याचा फार उपयोग होतो. कमांडचे बटण दाबून धरले, तर त्या ॲपमधले सारे शॉर्टकट पडद्यावर दिसतात. नवीन ॲप शिकताना प्रथम तेच करावे.

तरीही ‘फक्त आयपॅड’ हा निश्चय थोडा सैल करावा, असे मी सुचवेन. लेखन, वाचन आणि टीपा यांसाठी तो पुरेसा आहे. शेवटची बांधणी मात्र संगणकावरच करावी. अनुक्रमणिका आणि सूची तयार करणे, तळटीपांचे क्रमांक देवनागरी अंकांत आणणे, प्रकरणागणिक वेगळे शीर्षक पानाच्या माथ्यावर देणे ही कामे संगणकावरच्या वर्डमध्ये लवकर उरकतात. झोटेरोसारखे संदर्भ-व्यवस्थापक वापरत असाल, तर संदर्भ मजकुरात गुंफणारा त्याचा भागही संगणकावरचे वर्ड, लिबरऑफिस हे वर्डसारखेच विनामूल्य सॉफ्टवेअर आणि गूगल डॉक्स यांच्यासाठीच तयार केलेला आहे. विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयातला संगणक या शेवटच्या टप्प्याला पुरतो.

हे सोपे जावे म्हणून पहिल्या दिवसापासून एक पथ्य पाळावे. प्रकरणाचे शीर्षक नुसते ठळक आणि मोठे करू नये. शैलींच्या यादीतून त्याला ‘हेडिंग १’, उपशीर्षकाला ‘हेडिंग २’ अशी शैली द्यावी. शीर्षके हाताने ठळक केली असतील, तर अनुक्रमणिका तयार करणाऱ्या आज्ञेला ती दिसतच नाहीत आणि प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यात सगळी पाने चाळत बसावे लागते. प्रबंधाची पीडीएफ पुढे शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जाते, तेव्हा ती तयार झाल्यावर तिच्यातला एखादा परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहावा. अक्षरे विस्कटली, तर तो प्रबंध वाचता येईल, पण त्यात मराठी शब्द शोधता येणार नाही. फॉन्ट बदलून पीडीएफ पुन्हा केल्यास बरेचदा फरक पडतो.

प्रश्न : माझे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे लेख संगणकावर वर्डच्या फायलींत आहेत. त्या टॅबलेटवर घेतल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. जुनी मराठी वाचणारे एखादे ॲप आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ॲपच्या शोधात वेळ घालवू नये. आपले लेख युनिकोडमध्ये नाहीत. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा एखाद्या फॉन्टमध्ये ते केलेले असणार. त्या काळच्या पद्धतीत फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच संकेत साठवले जात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देई. टॅबलेटवर तो फॉन्ट नसल्यामुळे मूळचे संकेत जसेच्या तसे दिसतात.

ज्या संगणकावर ते लेख आजही नीट दिसतात, त्यावर प्रथम प्रत्येक लेखाची पीडीएफ करून ठेवावी. संगणक आणि फॉन्ट दोन्ही जुने आहेत; हे काम पुढे ढकलू नये. त्यानंतर फॉन्टचे नेमके नाव पाहून त्याच्यासाठीच्या परिवर्तकाने (जुन्या संकेतांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने) मजकूर युनिकोडमध्ये न्यावा. ‘श्रीलिपी’ या एका नावाखाली अनेक फॉन्ट आहेत आणि सर्वांचे संकेत सारखे नाहीत, म्हणून अंदाजाने परिवर्तक निवडला तर मजकूर ऐंशी टक्के बरोबर आणि वीस टक्के विचित्र होतो, आणि ते पूर्ण बिघडण्यापेक्षा वाईट, कारण चुका चटकन दिसत नाहीत. तपासताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांकडे पाहावे. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठवला जाई; युनिकोडमध्ये क्रम उलटा आहे. ‘कर्म’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘म’च्या नंतर येई, युनिकोडमध्ये ‘र’ आणि पायमोड ‘म’च्या आधी येतात. परिवर्तक चुकतो तो बहुधा येथेच, विशेषतः ‘मूर्ती’, ‘स्थित्यंतर’, ‘निर्मिती’ अशा शब्दांत. एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला नवीन मजकूर ठेवून वाचायला टॅबलेटचा दुभागलेला पडदा सोयीचा आहे. कीबोर्ड जोडलेला असेल तर दुरुस्ती तेथल्या तेथे होते. लेखांतले तक्ते आणि इंग्रजी शब्द वेगळे तपासावेत, कारण परिवर्तक मूळच्या इंग्रजी शब्दांनाही देवनागरी समजून त्यांचे भलतेच काही करून ठेवतो.

प्रश्न : आमच्या गावात इंटरनेट येते-जाते, पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस नसते. फाइल टॅबलेटमध्येच राहील, खाते उघडावे लागणार नाही आणि पैसेही पडणार नाहीत, असा वर्ड प्रोसेसर आहे का? घरच्या संगणकावर लिबरऑफिस आहे. (एक वाचक, देवगड)

उत्तर : आपल्यासाठी कोलॅबोरा ऑफिस आहे. ते लिबरऑफिसच्याच पायावर उभे असून अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हींवर विनामूल्य मिळते. लिबरऑफिसच्या ओडीटी फायली ते थेट उघडते, डॉकएक्सही उघडते आणि काम इंटरनेटशिवाय चालते. घरचा संगणक आणि टॅबलेट यांच्यात यूएसबी केबलने किंवा पेनड्राइव्हने फाइल इकडून तिकडे नेली तरी रूपांतराचा प्रश्न येत नाही. त्याचे रूप काहीसे रूक्ष आहे आणि जुन्या टॅबलेटवर ते उघडायला वेळ लागतो, पण आपल्या तिन्ही अटी ते पूर्ण करते.

गूगल डॉक्सही इंटरनेटशिवाय चालते, परंतु त्यासाठी संबंधित फाइल ‘ऑफलाइन उपलब्ध’ अशी आधीच खूण करून ठेवावी लागते, आणि ती खूण इंटरनेट असतानाच करायची असते. एकच फाइल टॅबलेटवर आणि संगणकावर दोन्हीकडे इंटरनेट नसताना बदलली, तर नंतर कोणता बदल कुठला हे लावत बसावे लागते. कोलॅबोरात फाइल टॅबलेटमध्येच राहत असल्यामुळे तिची दुसरी प्रत ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर येते; मेमरी कार्डावर एक आणि संगणकावर एक अशा प्रती ठेवाव्यात, आणि फाइलच्या नावात तारीख घालावी, म्हणजे नवी कोणती हे उघडून पाहावे लागत नाही. ब्लूटूथ कीबोर्ड घ्यायचा असेल, तर चार्ज होणाऱ्याऐवजी साध्या पेन्सिल सेलवर चालणारा घ्यावा. वीज गेली तरी सेल गावातल्या दुकानात मिळतात.